'श्यान' म्हणजे काय? दाट, घट्ट, चिकट आणि श्यान : अर्थ, उगम आणि वर्गातली मांडणी



सहावी-सातवीच्या कोणत्याही वर्गात जाऊन एक प्रश्न विचारून पाहा. "पाणी दाट की तेल दाट?" बहुतेक मुलं सांगतील, "तेल दाट." मग विचारा, "दाट वस्तू जड असते ना?" मुलं म्हणतील, "हो." आता शेवटचा प्रश्न. "मग तेल पाण्यावर का तरंगतं?" इथे वर्ग गप्प होतो.

मुलांचं काहीच चुकलेलं नसतं. त्यांनी घरात ऐकलेला शब्द बरोबरच वापरलेला असतो. अडचण 'दाट' या शब्दाची आहे. आपण तो इतक्या ठिकाणी वापरतो की त्यात दोन-तीन वेगवेगळे गुण एकत्र होतात. झाडी दाट, धुकं दाट, दूध दाट, वरणही दाट. विज्ञानाला मात्र इथे एक नेमका शब्द लागतो. तो म्हणजे 'श्यान'. पुढे मोठ्या वर्गात आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'श्यानता' हा शब्द भेटतो, इंग्रजीत तोच 'व्हिस्कॉसिटी' म्हणून येतो, आणि मुलं तो नुसता पाठ करतात. म्हणून आज या एका शब्दाचा अर्थ, त्याचा उगम आणि तो वर्गात कसा समजावून द्यायचा, हे पाहूया.

'श्यान'चा सोपा अर्थ

जो द्रव सहज वाहत नाही, वाहताना आतूनच अडतो, तो श्यान द्रव. द्रवाच्या आत एकावर एक असे पातळ थर आहेत अशी कल्पना करा. द्रव वाहतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. सरकताना त्यांच्यात घर्षण होतं. हे आतलं घर्षण जेवढं जास्त, तेवढी श्यानता जास्त. पाण्यात ते कमी असतं, म्हणून पाणी पटकन ओततं येतं. मधात ते खूप असतं, म्हणून बरणी उलटी धरली तरी मध सावकाश उतरतो.

मुलांना सांगायचं वाक्य एवढंच : श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला असलेला विरोध.

उच्चाराबद्दल एक गंमत आधीच सांगून ठेवतो. वर्गात 'श्यान' म्हटलं की मागच्या बाकावर हमखास हसू फुटतं. आपल्याकडे बोलताना 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे काही घरांत शेणाला 'शेन' किंवा 'श्यान' म्हणतात. शिवाय शहाणा माणूस म्हणजे 'श्याना'. या दोन्ही शब्दांशी आपल्या 'श्यान'चं काही नातं नाही. पण हसू दाबायची गरज नाही, त्याचा उपयोग करून घ्या. अंगणात सडा टाकायला शेण पातळ कालवतात आणि सारवायला घट्ट कालवतात, हे गावातल्या मुलांना माहीत असतं. सडा शिंपडता येतो, सारवणाचा काला शिंपडता येत नाही, तो हातानं पसरवावा लागतो. दोन्हींत शेण आणि पाणीच आहे, फरक वाहण्याचा आहे. श्यानतेचं उदाहरण असं दारातच सापडतं.

हा शब्द आला कुठून?

'श्यान' हा संस्कृत शब्द आहे. त्याचा धातू 'श्यै'. या धातूचा इथला अर्थ आळणे, गोठणे, थिजणे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सहाव्या अध्यायात या धातूसाठी एक वेगळा नियमच दिला आहे. पातळ पदार्थ थिजून घट्ट होणं आणि स्पर्शाला गार लागणं, या दोन अर्थांत 'श्यै'चं रूप 'शी' होतं, असा तो नियम. त्यावरून थिजलेल्या तुपासाठी 'शीन' आणि गार लागणाऱ्या वस्तूसाठी 'शीत' अशी रूपं होतात.

म्हणजे 'शीत' आणि 'श्यान' एकाच धातूतून निघालेले शब्द आहेत. थंड होणं आणि घट्ट होणं, ही दोन्ही कामं भाषेनं एकाच धातूकडे दिली. ज्या घरात रोज तूप कढवलं जातं, तिथे हे नातं समजायला प्रयोगशाळा लागत नाही. हिवाळ्यात सकाळी तुपाचं भांडं उघडलं की दिसतंच.

कालिदासाच्या रघुवंशात चौथ्या सर्गात शरद ऋतूचं वर्णन आहे. पाऊस संपल्यावर वाटांवरचा चिखल सुकून घट्ट होतो, त्यासाठी तिथे 'आश्यान' हा शब्द आला आहे. आपल्या काळ्या मातीच्या पांदणरस्त्यावरून आश्विनात गेलेल्या कुणालाही हा शब्द समजेल. श्रावणात चप्पल ओढून घेणारा चिखल दिवाळीपर्यंत आळत जातो.

रोजच्या मराठीत 'श्यान' फारसा वापरात नाही, पण त्याचा गणगोत आहे. 'शीत'वरून 'शीतल', आणि 'शीतल'वरून मराठीत 'शिळा' आला. शिळा म्हणजे मुळात थंड झालेला. वऱ्हाडात पिठल्याला आपण चून म्हणतो. सकाळचं चून संध्याकाळी शिळंही होतं आणि घट्टही होतं. तेव्हा त्यात पाणी टाकून ते पुन्हा सारखं करावं लागतं.

मराठी विज्ञानलेखनात याच गुणासाठी 'विष्यंदिता' असाही शब्द सापडतो. त्याच्या मुळाशी 'स्यंद्' म्हणजे वाहणे, पाझरणे हा धातू आहे. एक शब्द थिजण्याकडून निघाला, दुसरा वाहण्याकडून, आणि दोन्ही एकाच गुणावर येऊन थांबले. मुलांच्या पुस्तकात यांपैकी कोणताही आला तरी गोंधळू देऊ नका.

आणि इंग्रजी 'व्हिस्कस'?

इंग्रजी शब्दाची गोष्ट एका झाडावरच्या झाडापासून सुरू होते. आपल्याकडे आंब्यावर, मोहावर बांडगूळ वाढलेलं दिसतं. त्याची फळं फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी खातो. फळाच्या आतला गर इतका चिकट असतो की बी सहज सुटत नाही, मग पक्षी ती फांदीला घासून काढतो. बी तिथेच चिकटते आणि नवं बांडगूळ उगवतं.

युरोपातही बांडगुळासारखीच एक परजीवी वनस्पती आहे. लॅटिनमध्ये तिचं नाव 'व्हिस्कम'. तिच्या फळांपासून लोक एक चिकट लुकण करत, ते फांद्यांना लावत आणि त्यावर बसणारे पक्षी पकडत. त्या लुकणालाही 'व्हिस्कम'च म्हणत. त्यावरून 'व्हिस्कोसस' म्हणजे चिकट, आणि त्यावरून इंग्रजीत 'व्हिस्कस'. कस्तुर पक्षी ही फळं खाऊन बिया पसरवतो, म्हणजे तो आपलं मरण आपणच पेरतो, अशा अर्थाची म्हण रोमन लोकांत होती.

आता दोन्ही उगम शेजारी ठेवा. इंग्रजी शब्द चिकटपणातून जन्मला. संस्कृत शब्द थिजण्यातून जन्मला. विज्ञानानं दोन्ही घेतले आणि त्यांना तिसरा, नेमका अर्थ दिला : वाहण्याला विरोध. म्हणून सेमी-इंग्रजीच्या वर्गात 'व्हिस्कस म्हणजे चिकट' आणि मराठीच्या वर्गात 'श्यान म्हणजे दाट' असं सांगून पुढे गेलो, तर दोन्हीकडे मुलांचा घोटाळा होतो.

तीन प्रश्न वेगळे करा

माझ्या मते हा सगळा पाठ तीन प्रश्नांत बसतो. कोणताही द्रव समोर आला की मुलांना हे तीन प्रश्न विचारायची सवय लावा.

१) तेवढ्याच मापाला जड किती? ही झाली घनता.
२) वाहायला नाखूश किती? ही झाली श्यानता.
३) दुसऱ्या वस्तूला धरून किती राहतो? हा झाला चिकटपणा.

आपल्या जुन्या ग्रंथांतही हे गुण वेगळे केलेले आहेत. आयुर्वेदात पदार्थांचे वीस गुण दहा जोड्यांत सांगतात. त्यात गुरू-लघू म्हणजे जड-हलका ही एक जोडी, सांद्र-द्रव म्हणजे घट्ट-पातळ ही दुसरी, आणि पिच्छिल-विशद म्हणजे बुळबुळीत आणि त्याच्या उलट ही तिसरी. जडपणा, घट्टपणा आणि बुळबुळीतपणा यांना तिथे तीन वेगळी नावं आहेत.

आता उदाहरणं घेऊया.

सोयाबीनचं तेल. आपल्या जिल्ह्याचं खरिपाचं मुख्य पीक, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही. एक लिटर पाण्याचं वजन साधारण १ किलो, एक लिटर सोयाबीन तेलाचं साधारण ९२० ग्रॅम. तेल हलकं, म्हणून तरंगतं. पण त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे ५० ते ६० पट आहे, म्हणून ते सावकाश ओततं. हलकं, तरी श्यान. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

साय. दुधापेक्षा साय 'दाट' हे कुणीही सांगेल. तरी ती वर येते, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त आणि स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर घनता मोजतो. दुधात पाणी घातलं तर त्याचा आकडा उतरतो, पण साय काढून घेतली तर उलट चढतो. म्हणूनच स्निग्धांश वेगळा तपासतात. दूध दिसायला दाट आहे एवढ्यावर त्याची पारख होत नाही, हे पालकांनीही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पारा. पाण्याच्या १३.६ पट जड, पण श्यानता पाण्याच्या जेमतेम दीडपट. फार जड, तरी चपळ. हे फक्त सांगायचं. पारा विषारी आहे, वर्गात हाताळायचा नाही.

चीक. रुईचा किंवा वडाचा चीक ताजा असताना दुधासारखा वाहतो, पण बोटाला लागला की निघता निघत नाही. वाहतो, तरी चिकट. 'चीक', 'चिकट', 'चिकण माती' हे सगळे एकाच घराण्यातले शब्द आहेत. संस्कृतात 'चिक्कण' म्हणजे गुळगुळीत, तुळतुळीत. (मुलांना 'चिकणा' हा शब्द सिनेमातून माहीत असतोच, तोही इथलाच.)

आकडे किती सांगायचे?

श्यानतेचं एक एकक आहे 'पॉइज'. झाँ पॉइझय या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून ते आलं. (जन्म १७९७, मृत्यू १८६९.) बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे समजून घेण्यासाठी त्यांनी काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी वाहवून मोजमापं घेतली. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता जवळपास १ सेंटिपॉइज भरते, त्यामुळे तुलना सोपी होते. त्याच तापमानाला एरंडेल तेल सुमारे १०००. मध जातीनुसार आणि त्यातल्या पाण्यानुसार साधारण २००० ते १००००.

डांबराचं उदाहरण मुलांना फार आवडतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी नरसाळ्यात डांबरासारखा काळा पदार्थ भरून ठेवला. हातोडीनं मारला तर तो काचेसारखा फुटतो, पण त्याचे थेंब पडतात! २०१४ पर्यंत नऊ थेंब झाले. त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे २३ हजार कोटी पट निघाली.

थंडी आणि श्यानता : शब्दातच दडलेला नियम

द्रव गार झाला की त्याची श्यानता वाढते, तापला की कमी होते. २० अंशाला पाण्याची श्यानता १ धरली, तर ८० अंशाला ती ०.३५ च्या आसपास येते. एरंडेल, काकवी, मध यांच्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. जानेवारीत न ओतणारी काकवी मे महिन्यात धारेनं पडते. 'शीत' आणि 'श्यान' हे भाऊबंद शब्द मुलांना आधी सांगून ठेवले असतील, तर हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

एक खबरदारी घ्या. खोबरेल तेल थंडीत पांढरं होऊन बसतं ते उदाहरण इथे देऊ नका. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे द्रवाचं स्थायू होतं. तो अवस्थेतला बदल झाला. श्यानता समजावताना शेवटपर्यंत द्रवच राहणारा पदार्थ घ्या.

मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर '२० डब्ल्यू ४०' असं लिहिलेलं असतं, ते मुलांना वाचायला सांगा. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल कसं वागेल ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनात. आकडा मोठा, तर ऑइल जास्त घट्ट. घरी कुणी गाडी दुरुस्त करत असेल, तर त्या मुलाला हे सांगायला पुढे बोलवा. तो वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणतो.

'रक्त पातळ करायची गोळी'

हा भाग खास पालकांसाठी. बऱ्याच घरांत आजी-आजोबांना डॉक्टरांनी 'रक्त पातळ होण्याची' गोळी दिलेली असते. नाव ऐकून वाटतं की रक्त पाण्यासारखं होतंय, मग अशक्तपणा आला की दोष गोळीला जातो आणि ती परस्पर बंद होते. प्रत्यक्षात या गोळ्या रक्ताची श्यानता कमी करण्यासाठी नसतात. रक्ताची गुठळी होण्याची क्रिया त्या अडवतात. 'पातळ' हा बोलीतला सोपा शब्द आहे, म्हणून डॉक्टर तो वापरतात. गोळीबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. एका शब्दाचा नेमका अर्थ माहीत असणं कधी कधी इतक्या कामाचं असतं.

वर्गात करून पाहा

साहित्य : पाणी, सोयाबीन तेल, एरंडेल, मध किंवा काकवी. चार सारखे काचेचे ग्लास, चार सारख्या गोट्या, एक स्टीलचं ताट, मोबाइलमधलं घड्याळ.

१) जड कोण? एकाच छोट्या वाटीनं प्रत्येक द्रव भरून वजन करा. किंवा पाण्यात थोडं तेल आणि थोडी काकवी सावकाश ओता. कोण तळाला जातं, कोण वर राहतं ते पाहा.
२) नाखूश कोण? चारही ग्लास सारखे भरा आणि गोट्या सोडा. तळाला पोचायचा वेळ लिहा. पाण्यातली वेळ हातात येत नाही एवढी कमी असते, तिथे 'लगेच' लिहिलं तरी चालेल. ताट तिरपं धरून एकेक थेंबाची शर्यतही लावता येते.
३) चिकट कोण? दोन बोटांत थेंब घेऊन बोटं उघडा-मिटा. तार कोण देतं ते पाहा. पाकाची एकतारी-दोनतारी परीक्षा घरात अशीच होते.
४) उन्हाचा परिणाम. मधाची बाटली अर्धा तास उन्हात ठेवा आणि गोटीची वेळ पुन्हा घ्या. चुलीवर किंवा गॅसवर तापवू नका.

चारही निकाल एका तक्त्यात लिहिले की मुलांना आपोआप दिसतं : तीन रांगांतले क्रमांक सारखे येत नाहीत. तेल वजनात शेवटचं, पण श्यानतेत पाण्याच्या पुढे. पाठ इथे पूर्ण होतो.

गृहपाठ : स्वयंपाकघरातले शब्द

शेवटी मुलांना एक गृहपाठ द्या. घट्ट-पातळपणा सांगणारे शब्द आई-आजीकडून लिहून आणा. मराठीत ते भरपूर आहेत. पातळ, सरसरीत, पळीवाढं, घट्टसर, लपथपीत, आसट, बुळबुळीत, लिबलिबीत, तारदार. भेंडी बुळबुळीत, वरण पळीवाढं, भात आसट. मग वर्गात प्रत्येक शब्दापुढे लिहा की तो आपल्या तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो. 'पळीवाढं' श्यानतेकडे जाईल, 'तारदार' चिकटपणाकडे. काही शब्दांवर वाद होईल, तो होऊ द्या.

फळ्यावर शेवटची नोंद एवढी राहू द्या :

श्यान (विशेषण) – सहज न वाहणारा, आतून वाहण्याला विरोध करणारा (द्रव). धातू : श्यै, थिजणे. भाऊबंद : शीत, शीतल, शिळा. जड किंवा चिकट असेलच असं नाही.